पंचफुलामावशीचा दोर

बिघडलेल्या हापशीपाशी पोचल्यावर पंचफुलामावशी आधी पाना हातात घेत नसे. खांद्यावरचा हातभर लांबीचा पाना ती बाजूला ठेवायची, पदराने मान पुसायची आणि पाणी भरणाऱ्या बायांना प्रश्न विचारायची. कधीपासून त्रास आहे? सकाळी जास्त की दुपारी? पाणी यायला किती हापसे मारावे लागतात? बायाही अशा गंभीर होऊन उत्तरं द्यायच्या, जणू घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा खोकला सांगताहेत. मग मावशी दांडा धरून दहाबारा हापसे मारायची, वाकून लोखंडी खांबाला कान लावायची आणि निकाल सांगायची. "वायसर गेलं." किंवा "पाइपाले भोक हाये. चौथ्या, नाईतं पाचव्या." दोन महिन्यांत तिचा निकाल माझ्यासमोर एकदाच चुकला. भोक सहाव्या पाइपला निघालं. त्या दिवशी तिने चहा नाकारला, आणि चहा नाकारणं ही मावशीच्या लेखी स्वतःला दिलेली मोठी शिक्षा होती.

त्या उन्हाळ्यात मी पुण्याहून तिच्याकडे शिकायला गेले होते. पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेने आम्हा मुलामुलींना जिल्ह्या-जिल्ह्यांत पाठवलं होतं. खेड्यात राहायचं, तिथल्या जाणत्या माणसाच्या हाताखाली काम शिकायचं, असा बेत होता. माझ्या वाट्याला बुलढाणा आलं. मेहकरहून हिवरा आश्रमाकडे जाताना एक फाटा लागतो, तिथून आत गेलं की ते गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या सगळ्यांना अजून एकाच हापशीवर पाणी भरायचं आहे.

मी जाताना दोन झब्बे, एक टोपी आणि दोनशे पत्रकं नेली होती. माझ्या वडिलांचा लहानसा छापखाना आहे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती मोर्च्यांच्या पत्रकांवर. 'नारळ' वाचता येण्याआधी मला 'निषेध' वाचता येत होतं. तेव्हा खेड्यात जायचं म्हणजे पत्रक घेऊन जायचं, यात मला वेगळं काही वाटलं नाही. मथळा होता, 'पाणी कोणाचं?' मावशीने ते उभ्याने पूर्ण वाचलं, मागची बाजूही पाहिली. मॅट्रिक झालेली बाई ती, एक ओळ सोडायची नाही. मग म्हणाली, "बरोबर लिवलं. पण हापशी बंद पडली तं काय करा, हे कुठी हाये याच्यात?"

ते कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या पिशवीत नवी वायसरं ग्रीस लावून माझ्या पत्रकात गुंडाळलेली होती. माझ्याकडे बघून तिने कौतुकच केलं. "कागद लय चांगला हाये वं तुह्या बापाचा. तेल पेत नाई."

मावशी बुटकी होती आणि चालायची भराभर. कामावर निघताना साडीवरून काकांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवायची. काका म्हणजे तिचा नवरा. ती कामावर गेली की ते भाकरी करायचे. त्यांची भाकरी मावशीच्या भाकरीपेक्षा गोल यायची. हे पहिल्याच दिवशी मी मोठ्याने बोलून गेले आणि काका दिवसभर खुशीत होते. घर वस्तीत, दोन खोल्यांचं. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, फोटोखाली खिळ्याला लटकवलेले लहानमोठे पाने. मावशीची चैन एकच, वर्षातून एकदा शेगाव. देवळासाठी नव्हे, कचोरीसाठी. हे ती देवळातून परत येणाऱ्या माणसांच्या तोंडावर सांगायची, आणि तीही माणसं हसून तिच्यासाठी कचोरी आणायची.

माणसं तिला हापशीसारखीच दिसत. कोण कुठे बिघडलंय हे ती त्याच भाषेत सांगे. एक शेजारीण सतत रडायची, तिचं "चेकवॉल लीक" होतं. एक पुढारी होता, त्याला "ग्रीसशिवाय आवाज" यायचा. आणि मी एकदा वस्तीतल्या बायांसमोर पाऊण तास समतेवर बोलले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दांडा जोरात हालते तुह्या. पाणी येवाले अजून टाइम हाये."

आता तिच्या नियमाचं सांगते, कारण माझ्या आठवणीतली मावशी त्या नियमाशिवाय उभीच राहत नाही.

हापशीच्या बोअरमध्ये तीन-तीन मीटरचे पाइप एकाला एक जोडून सोडलेले असतात. सगळ्यात खाली सिलिंडर आणि त्यात चामड्याचं वायसर, म्हणजे वॉशर. बोटभर वायसर बदलायचं तर सगळे पाइप वर काढावे लागतात. त्यासाठी बोअरवर लाकडांची तिपाई उभी करायची, तिला कप्पी, कप्पीवरून दोर. माणसं दोर ओढतात, एक पाइप वर येतो. मावशी बोअरच्या तोंडाशी शिकंजा आवळते, म्हणजे खालचे पाइप जागच्या जागी धरून राहतात. मग वरचा पाइप फिरवून सोडवायचा. पुन्हा शिकंजा ढिला, पुन्हा दोर. शिकंजा ढिला असतो तेवढा वेळ सगळा भार दोरावर. त्या वेळी दोर सुटला तर पाइप तळाला जातात आणि ते बोअर मेलं म्हणून समजायचं.

हा दोर कोणी ओढायचा, याचा तिने नियम केला होता. ज्या घरात या हापशीचं पाणी जातं, त्या घरचा एक माणूस दोराला. बाई चालेल, म्हातारा चालेल, पण घरचा. सगळी घरं आल्याशिवाय ती नट ढिला करत नसे. शेजारच्या गावात शाळेच्या गुरुजींनी "मला कमरेचा त्रास आहे" असा निरोप पाठवला, तेव्हा मावशी म्हणाली की कंबर घरी ठेवा, हात पाठवा. गुरुजी इस्त्रीच्या कपड्यांत आले आणि दोराचं टोक दोन बोटांत धरून उभे राहिले. तिने त्यांना मोजलं. जोर किती लावला याला तिच्याकडे महत्त्व नव्हतं. "दोर धरला का माणूस हापशीचा होते," म्हणायची. "मंग तो दांडा आपटत नाई."

मे महिन्याच्या मध्यावर आमची वाटेवरची हापशी बंद पडली.

ही हापशी गाव आणि वस्ती यांच्या मधोमध, डांबरी रस्त्याच्या कडेला आहे. अठरा पाइपची. वस्ती तिच्यावरच जगते. गावात नळ आहेत, पण उन्हाळ्यात नळाला पाणी येईनासं झालं की गावही इथेच येतं. येतं म्हणजे सालदार येतात, वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी, घागरी घेऊन. हापशी बिघडली की दोर मात्र आजवर वस्तीनेच ओढला होता. गावाने कधी ओढला नव्हता आणि मावशीनेही या एका हापशीपुरतं बहुधा कधी ताणून धरलं नव्हतं. त्या वर्षी धरलं. तिने गावात निरोप पाठवला, गावातल्या अकरा घरांत इथलं पाणी जातं, अकरा माणसं पाठवा.

अकरा सालदार आले. मावशीने त्यांना पाणी पाजलं, सावलीत बसवलं आणि विचारलं, तुम्ही कोणाच्या घरचे? ज्याच्या त्याच्या घरचे, असं उत्तर आलं. "मंग मालकाच्या घरचा कुठी हाये?" म्हणाली आणि तीही त्यांच्याशेजारी बसली. पाना मांडीवर.

गावातलं मोठं घर उत्तमराव पाटलांचं. ते मोटारसायकलवर आले, उतरले नाहीत. "ए पंचफुला, काय लावलं हे? माणसं पाठवली ना."

"तुमची वाट पाहून राह्यली, पाटील."

"मी दोर ओढू?"

"तुमी पेता ना?"

पाटील निघून गेले. अडचण जोराची नव्हती, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. दोर धरायचा म्हणजे पुढे वस्तीतला माणूस, मागे वस्तीतला माणूस, हाताला हात लागणार. पाणी चालत होतं, घागर चालत होती. हात अडत होता. मला विचाराल तर या देशातला निम्मा कारभार याच जागी अडलेला आहे, पण मावशीने मला त्या दिवशी विचारलं नाही.

पाटलांनी दुपारी मेहकरहून मिस्त्री बोलावला. तो टेम्पोतून सामान घेऊन आला, हापशीपाशी मावशीला बसलेली पाहिली आणि सरळ तिच्या पाया पडला. तो तिच्याच हाताखाली शिकलेला होता. त्याने कोरा चहा घेतला, तिची चौकशी केली, घरच्यांची खुशाली सांगितली आणि टेम्पो वळवून परत गेला.

इथवर मला उत्सव वाटत होता. मी दुपारीच पत्रक लिहायला घेतलं, मथळ्यात उत्तमरावांचं नाव, पुढे तीन उद्गारचिन्हं. मावशीने कागद माझ्या हातातून घेतला, वाचला आणि घडी घालून शर्टाच्या खिशात टाकला. मी चिडले. अन्यायाला नाव असतं आणि ते घ्यावंच लागतं, असं मी तिला सुनावलं. ती म्हणाली, "नाव छापलं का माणसाले मागं फिरता येत नाई. मले त्याले हरवाचं नाई वं. ओढाले लावाचं हाये." ते मला तेव्हा पटलं नाही. सगळं आजही पटलेलं नाही.

पण उत्सव संध्याकाळपर्यंतच टिकला. वस्तीतल्या बायांना आता दीड-दोन किलोमीटरवरच्या शेतातल्या विहिरीवरून पाणी आणावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातली कांताबाई दारात येऊन उभी राहिली. कांताबाई आणि मावशी एकमेकींच्या ताटात जेवणाऱ्या. ती म्हणाली, "पाटलाच्या घरी टाकी हाये, त्याले काय फरक पडते? पाय आमचे भाजून राह्यले. तुह्या नियम आमाले काऊन पाजतं?"

मावशीने दोन घागरी उचलल्या आणि विहिरीकडे निघाली. त्या दिवशी तिने आणि मी ज्या घरांत लेकुरवाळ्या आणि म्हाताऱ्या होत्या तिथे पाणी पोचवलं. कांताबाईच्या घरीही. कांताबाईने घागर घेतली आणि दार लावून घेतलं. परत येताना मावशी रस्त्यातच थांबली आणि म्हणाली, उद्या दुपारी बारापर्यंत थांबते. कोणी नाही आलं तर उघडते. वस्तीला तहानलेलं ठेवून नियम पाळला तर तो कोणासाठी पाळला? आणि थोडं चालल्यावर, माझ्याकडे न बघता, "पण मंग पुन्ना कोणाले म्हनता येनार नाई. कधीच."

तिसऱ्या दिवशी ती सकाळपासून हापशीपाशी. तिपाई उभी केली, कप्पीला तेल दिलं, दोर तपासला, पुन्हा तपासला. वस्तीतली घरं आली, कुरकुरत का होईना. कांताबाई आली, पाठ करून उभी राहिली. साडेअकरा झाले. मावशीने पाना उचलला, खाली ठेवला.

तेवढ्यात गावाकडून एक बाई डोक्यावरून पदर घेऊन भर उन्हात चालत आली. उत्तमरावांच्या पत्नी, सुमनबाई. टाकीतलं पाणी संपलं होतं आणि टाकी संपली हे पाटलांना नव्हे, त्यांना कळलं होतं. त्या मावशीसमोर येऊन म्हणाल्या, "घरचं मानूस पायजे ना तुले? मी घरचीच हावो. बावीस वर्सं झाली." आणि दोर धरला. कांताबाईच्या बरोबर मागे. कांताबाईने वळून पाहिलं, थोडी पुढे सरकली आणि तिला जागा करून दिली.

पाटील दहा मिनिटांत आले. बायकोला घेऊन जायला आले होते की काय, कोण जाणे. पण दोराला लागलेली आपली बायको सोडवायची तर दोराला हात लावावा लागतो, आणि एकदा लावलेला हात काढायचा कसा, हे त्यांना जमलं नाही. मावशीने ती संधी दवडली नाही. "दहा घरं राह्यली, पाटील. तुमी हाक मारली तं येतीन." त्यांनी मारली. सगळी नाही आली, पण आठ आली. मावशीने उरलेल्या दोन घरांची नावं मोठ्याने विचारली आणि ती माणसंही कुंपणाआडून निघाली.

हाकारा द्यायचं काम मला मिळालं. सगळ्यांनी एकदम ओढावं म्हणून कोणीतरी ताल धरायचा असतो. "तुह्या गळा कामाले येऊ दे," मावशी म्हणाली. मी "ओढा" म्हणायचं, सगळ्यांनी "हो" म्हणून ओढायचं. एक पाइप आला. दुसरा आला. ऊन तापलं होतं, दोर घामाने निसरडा झाला होता. पाटील आणि वस्तीतला धोंडू एकाच वेळी "हो" म्हणत होते. बारावा पाइप वर यायला लागला. मावशीने शिकंजा ढिला केला होता. सहा पाइप आणि सिलिंडर अजून आत लटकत होतं.

आणि ते दृश्य बघून माझ्या तोंडून "ओढा" आलं नाही. लहानपणापासून जे येत होतं ते आलं.

"पाणी आमच्या हक्काचं!"

वस्ती मोर्च्यात वाढलेली. एक शब्द चुकणं शक्य नव्हतं. "नाही कुणाच्या बापाचं!" असा गर्जून जबाब आला आणि सवयीने सगळ्यांच्या मुठी वर गेल्या. माझी मूठ तर सगळ्यात उंच. काकांचीसुद्धा वर. कांताबाईच्या दोन्ही.

दोर सर्रकन धावला.

ज्यांना घोषणेची सवय नव्हती, तेवढीच माणसं दोर धरून राहिली होती. सुमनबाई, गावातली दहा घरं, आणि ज्यांच्या बापाला उद्देशून ती घोषणा होती ते उत्तमराव पाटील. पाटील पाय रोवून मागे कलंडले होते, चेहरा लालबुंद. दोर त्यांच्या तळहातांतून हातभर घसरला आणि थांबला. मावशी शिकंज्यावर अंगाने पडली होती. तिने मान वर केली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "हात खाली."

पस्तीस हात एकदम खाली आले.

पुढचे सहा पाइप हाकाऱ्याशिवायच वर आले. नवं वायसर त्या साइझचं नव्हतं, म्हणून मावशीने जुन्यातलं बरं असलेलं एक तात्पुरतं घातलं. दिवस कलायच्या आत हापशीला पाणी आलं. पहिली घागर कोणाची यावर वाद सुरू व्हायच्या आत कांताबाईने सुमनबाईंची घागर धारेखाली सरकवली. पाटलांच्या तळहातांची साल गेली होती. मावशीने त्यांना पाण्याखाली हात धरायला लावले आणि स्वतः दांडा मारला.

मला ती चारचौघांत काही बोलली नाही. घरी आल्यावर मी कोपऱ्यात बसले होते. तिने खिशातलं माझं पत्रक काढलं, घडी उलगडून परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "घोषणा चांगली होती. पुढच्या हापशीले नुसते आकडे मोजजो. आकड्याले कोणी मूठ वर करत नाई." काका भिंतीकडे तोंड करून हसत होते. मी ते पत्रक छापलं नाही. उत्तमरावांवरचा माझा राग गेला म्हणून नव्हे, तर त्या दिवशी दोर कोणी धरला आणि कोणी सोडला याचा खरा मजकूर त्यात बसत नव्हता.

पुढचे तीन आठवडे उत्तमरावांनी आपण बोअर कसं वाचवलं हे तालुकाभर सांगितलं. आधी लटकलेले पाइप सहा होते, मग नऊ झाले, लग्नाच्या एका पंगतीत पंधरा. मी संतापून मावशीला म्हटलं, की तुझा नियम आणि नाव त्याचं. ती वायसर कापत होती. "सांगू दे. पण तवा तो तहानीनं आला होता. तहानीनं कोणीबी येते. नळाले पाणी असताना आला, तं खरं."

जूनमध्ये मी निघाले तेव्हा गावातल्या नळांना पुन्हा पाणी आलं होतं. मावशी मला फाट्यावर सोडायला येणार होती, पण सकाळीच योग्य साइझचं वायसर मेहकरहून आलं आणि ती पाना घेऊन निघून गेली. काकांनी मला गावातूनच एसटीत बसवलं आणि भाकरीचं गाठोडं दिलं.

एसटी गावाबाहेर आली आणि थांबली. रस्त्यावर पाइप आडवे टाकलेले होते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, कोणी लक्ष दिलं नाही. तिपाई उभी होती, दोर ताणलेला होता. पुढे कांताबाई, तिच्यामागे सुमनबाई, मग धोंडू. धोंडूच्या मागे, दोन्ही हातांना उपरणं गुंडाळून, उत्तमराव पाटील. ते एका हाताच्या अंतरावरच्या, शेजारच्या गावाहून आपणहून आलेल्या त्या कमरेच्या गुरुजींना कसा पाय रोवायचा हे दाखवत होते, आणि आकडेही तेच मोजत होते. "सात... आठ... ए, जोर लावा ना बे... नऊ..."

मावशी शिकंज्यापाशी उकिडवी बसली होती, काकांच्या शर्टात. मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन जोरात हात हलवला. तिने हात हलवला नाही, तिचे दोन्ही हात शिकंज्यावर होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग हनुवटीने पाटलांकडे दाखवलं, आणि मी ते बघितलं याची खात्री झाल्यावर ओरडली,

"हात अंदर घे वं, पुण्यावाली. ट्रक येऊन राह्यला."